घराच्या नावाने : रमाबाईंची अमेरिका आणि धर्मनिष्ठांचे राजकारण

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली, की आपल्या वृत्तपत्रांत तेथील ‘धार्मिक उजव्यां’विषयी लेख येऊ लागतात. चर्चमधून होणारे मतांचे आवाहन, गर्भपाताचा वाद, शाळांतील प्रार्थना, न्यायाधीशांच्या नेमणुका हे सारे त्यांत असते. २४ जून २०२२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काविषयीचा १९७३चा आपलाच निर्णय रद्दबातल ठरवला, तेव्हाही असे लेख पुष्कळ आले. सर्वांचा सूर साधारण एकच होता : एवढ्या पुढारलेल्या देशात धर्माचे राजकारण इतके प्रबळ कसे? जणू ही गोष्ट आपल्याला कालपरवाच कळली. वास्तविक अमेरिकेत धर्मनिष्ठ माणसे संघटित होऊन राज्यसंस्थेवर दबाव कसा आणतात, याचे प्रत्यक्ष पाहून केलेले लेखन मराठीत १८८९ सालीच झाले आहे. पंडिता रमाबाईंचा ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा तो ग्रंथ. प्रवासवर्णनाच्या इतिहासात आपण त्याची एका ओळीत नोंद करतो आणि पुढे जातो.

आम्ही ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. एम.ए.च्या वर्गात हा ग्रंथ वाचत असताना एका विद्यार्थिनीने आम्हाला अडचणीत टाकले. स्त्रियांच्या स्थितीवरील विस्तृत प्रकरणात रमाबाई ‘विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन’ या दारूबंदीवादी संघटनेविषयी मोठ्या आस्थेने लिहितात. विद्यार्थिनीचा प्रश्न असा होता : “या बायका बायबल हातात घेऊन दुसऱ्यांनी काय प्यावे ते ठरवायला निघाल्या होत्या. मग यांना पुरोगामी म्हणायचे की सनातनी?” आणि थोडे थांबून ती म्हणाली, “माझ्या आईनेसुद्धा आमच्या वॉर्डात आडव्या बाटलीसाठी सह्या गोळा केल्या होत्या. तिला काय म्हणायचे?” त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

या कथेचा एक धागा कल्याणचा आहे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली कल्याणला झाला. त्यांच्या अमेरिकाप्रवासाची गोष्ट आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो आणि ती आहेच. परंतु ती अमेरिकेतील ख्रिस्ती समाजाच्या दोन स्वभावांचीही गोष्ट आहे. गोपाळराव जोशी कोल्हापुरात नोकरीस असताना त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी तेथील अमेरिकन मिशनकडे पत्राने मदत मागितली. ते पत्र प्रिन्स्टनला रॉयल वाइल्डर यांच्याकडे पोहोचले. वाइल्डर यांनी कोल्हापुरात मिशनरी म्हणून अनेक वर्षे काढली होती आणि आता ते ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक चालवीत होते. त्यांनी पत्र छापले आणि सोबत धर्मांतराची अपेक्षाही व्यक्त केली. अगोदर ख्रिस्ताचा स्वीकार, मग साहाय्य, असा तो रोख होता. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडोसिया कार्पेंटर दंतवैद्याकडे गेल्या असता नियतकालिकाचा तोच अंक त्यांच्या हाती पडला. त्याही श्रद्धावान ख्रिस्तीच होत्या. त्यांनी मात्र कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना पत्र लिहिले. आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेस गेल्या त्या हिंदू म्हणून आणि परतल्याही हिंदू म्हणूनच. जाण्यापूर्वी श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात त्यांनी तसे सांगितले होते.

एकाच धर्माची, एकाच देशाची, एकाच मजकुराची वाचक असलेली ही दोन माणसे. एकाच्या मदतीला अट आणि दुसरीच्या मदतीला ती नाही. ‘ख्रिस्ती अमेरिका’ असा एकच ठोकळा करून बोलणाऱ्याने ही घटना लक्षात ठेवावी.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभासाठी त्यांच्या दूरच्या नात्यातील रमाबाई इंग्लंडहून आल्या. सप्टेंबर १८८३मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. आता त्या काही आठवड्यांसाठी म्हणून आल्या आणि जवळजवळ पावणेतीन वर्षे राहिल्या. या मुक्कामात त्यांनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले, देशभर व्याख्याने दिली, बालविधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. मायदेशी परतल्यावर मराठी वाचकांसाठी त्यांनी अमेरिकेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला होता. स्त्रियांना एकत्र आणणे किती कठीण असते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून अमेरिकेत त्यांची नजर स्त्रियांच्या संघटनांवर खिळली यात नवल नाही. दारूबंदीवादी युनियनचा आरंभ १८७३-७४च्या हिवाळ्यात झाला. ओहायो राज्यातील हिल्सबरो या गावी मध्यमवर्गीय स्त्रिया गटागटाने दारूच्या गुत्त्यांसमोर गेल्या, तेथे गुडघे टेकून प्रार्थना म्हणू लागल्या आणि दुकानदारांना धंदा बंद करण्याची विनवणी करू लागल्या. हे लोण शेजारच्या राज्यांत पसरले. नोव्हेंबर १८७४मध्ये क्लीव्हलंड येथे या उत्स्फूर्त उठावाला संघटनेचे रूप मिळाले. फ्रान्सिस विलर्ड १८७९ साली तिच्या अध्यक्ष झाल्या आणि १८९८ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिल्या. रमाबाईंनी पाहिली ती विलर्डबाईंच्या हातची, ऐन भरातली संघटना. त्या काळी ती अमेरिकेतील स्त्रियांची सर्वांत मोठी संघटना होती.

तिचे कामकाज कसे चाले, हे पाहण्यासारखे आहे. गावोगावी स्थानिक शाखा, त्यांच्यावर परगण्याची व राज्याची शाखा, वर राष्ट्रीय मंडळ अशी तिची उतरंड होती. दारूबंदीखेरीज तुरुंगसुधारणा, बालवाड्या, कामगार स्त्रिया, शाळांतील आरोग्यशिक्षण अशा कामांसाठी स्वतंत्र विभाग होते. स्वतःचे साप्ताहिक होते. सभासद स्त्री पांढरी फीत लावीत असे, त्यामुळे परक्या गावीही आपली बाई ओळखू येई. आणि सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे अर्ज. ज्यांना मत नव्हते त्यांच्या हाती सही होती. १८७९ साली इलिनॉय राज्याच्या विधिमंडळापुढे विलर्डबाईंनी एक लाखाहून अधिक सह्यांचा अर्ज ठेवला. मागणी अशी की, आपल्या गावात दारूविक्रीचा परवाना द्यावा की नाही, एवढ्या एका प्रश्नावर स्त्रियांना मतदान करू द्यावे. या मागणीला नाव दिले होते ‘गृहरक्षण’. विधिमंडळाने ती मान्य केली नाही.

गृहरक्षण हा शब्द विलर्डबाईंनी फार विचारपूर्वक निवडला होता. मताधिकाराची सरळ मागणी केली असती, तर चर्चला जाणारी सामान्य गृहिणी बिचकली असती. ‘बाईने घर सोडू नये’ हे तिच्या मनावर बिंबलेले होते. विलर्डबाईंनी त्याच वाक्याचा अर्थ फिरवला. घर ही जर बाईची जबाबदारी, तर घर उद्ध्वस्त करणारी वस्तू कोठे विकावी हे ठरवण्याचा हक्क बाईला हवा. तो हक्क मतपेटीतून मिळतो. म्हणून मत हवे. रूढीच्याच पायऱ्यांवरून त्यांनी स्त्रियांना राजकारणात आणले. त्या काळी पत्नीच्या मिळकतीवर, मुलांवर, शरीरावर नवऱ्याची सत्ता बहुतांशी अबाधित होती. दारुड्या नवऱ्याच्या बायकोला कायद्याने फारसा आधार नव्हता. अशा परिस्थितीत दारूविरोध ही केवळ सोवळेपणाची बाब नव्हती, हे रमाबाईंनी अचूक ओळखले. ज्या देशातून त्या आल्या होत्या तेथील विधवेची स्थिती डोळ्यांपुढे ठेवून त्या हे वाचीत होत्या.

तरीही चित्राची दुसरी बाजू पाहिलीच पाहिजे. याच संघटनेचा एक विभाग रविवारच्या पावित्र्यासाठी होता. रविवारी पोस्ट आणि इतर व्यवहार बंद ठेवावेत, यासाठी १८८८ साली सिनेटर ब्लेअर यांनी मांडलेल्या विधेयकामागे या स्त्रियांचे अर्ज होते. शनिवार पाळणाऱ्या ज्यूंना आणि काही ख्रिस्ती पंथांना त्यात स्वतःच्या धर्मस्वातंत्र्यावरचा घाला दिसला. जर्मन आणि आयरिश स्थलांतरितांना, विशेषतः त्यांतील कॅथलिकांना, दारूबंदीची चळवळ म्हणजे प्रॉटेस्टंट लोकांनी आपल्या राहणीवर केलेली चढाई वाटे. त्यांचे वाटणे निराधार नव्हते. १८९० साली एका मुलाखतीत विलर्डबाईंनी दक्षिणेतील काळ्या लोकांविषयी अपमानकारक भाषा वापरली. झुंडबळींविरुद्ध लढणाऱ्या आयडा बी. वेल्स यांनी १८९४ साली इंग्लंडमध्ये ती मुलाखत लोकांपुढे आणून त्यांना जाब विचारला. आपले घर वाचवायला निघालेल्यांना दुसऱ्याच्या घरावर पडणारी सावली दिसली नाही. रमाबाईंनी आपल्या ग्रंथात काळ्यांविषयीचा वर्णद्वेष आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय यांची नोंद केली आहे; मात्र संघटनेविषयी लिहिताना त्यांची लेखणी बहुधा कौतुकाकडे झुकते. तो त्या काळाचा आणि त्यांच्या गरजेचा परिणाम म्हणावा लागेल. त्या अमेरिकेत एक साधन शोधीत होत्या, आणि ते त्यांना सापडले होते.

रमाबाई परतल्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८९३ साली ओहायोतच ‘अँटी-सलून लीग’ स्थापन झाली. तिने विलर्डबाईंचा विस्तार टाकून दिला आणि एकच विषय धरला. उमेदवार कोणत्या पक्षाचा, त्याचे खासगी वर्तन कसे, तो स्वतः पितो की नाही, याच्याशी लीगला कर्तव्य नव्हते. तो विधिमंडळात दारूबंदीच्या बाजूने हात वर करतो का, एवढेच ती पाही. जो करील त्याला चर्चमधली मते आणि जो न करील त्याचा पराभव. वेन व्हीलर हा तिचा सूत्रधार. आजच्या दबावगटांनी जी तंत्रे वापरली त्यांपैकी बरीचशी येथे घडली. १९१९ साली राज्यघटनेच्या अठराव्या दुरुस्तीस मान्यता मिळाली, जानेवारी १९२०पासून देशभर दारूबंदी आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्त्रियांना देशव्यापी मताधिकार मिळाला. विलर्डबाईंच्या दोन्ही मागण्या एकाच वर्षात प्रत्यक्षात उतरल्या. पहिली डिसेंबर १९३३मध्ये रद्द झाली, दुसरी टिकली.

मध्यंतरी १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन येथे उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला. त्यात शिक्षक दोषी ठरला. पण देशभरच्या वृत्तपत्रांत हसे झाले ते बायबलच्या अक्षरार्थाला चिकटून राहणाऱ्यांचे. पुढे हा वर्ग राष्ट्रीय राजकारणाच्या दर्शनी भागातून मागे सरकल्यासारखा दिसला. मात्र त्याने शाळा, महाविद्यालये, रेडिओ केंद्रे, प्रकाशनसंस्था यांचे जाळे विणणे थांबवले नव्हते. १९६५ साली जेरी फॉलवेल या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने नागरी हक्कांच्या मोर्चांत उतरलेल्या पाद्र्यांवर टीका करताना, धर्मोपदेशकाने राजकारणात पडू नये असे प्रवचन केले होते. १९७९ साली त्याच फॉलवेलने ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना काढली आणि पुढच्याच वर्षी रोनाल्ड रेगन यांच्या विजयाला हातभार लावला. १९७१ साली सदर्न बाप्टिस्ट चर्चच्या अधिवेशनाने विशिष्ट परिस्थितीत गर्भपाताला कायद्याची मुभा असावी असा ठराव केला होता. दशकाच्या अखेरीस त्याच वर्तुळात गर्भपातविरोध ही धर्मनिष्ठेची कसोटी होऊन बसली. वंशभेद पाळणाऱ्या धार्मिक शाळांची करसवलत काढून घेतली जाऊ लागली, तेथून ही फळी जमू लागली, असे काही इतिहासकार सांगतात. सनातन म्हणून जे पुढे केले जाते ते पुष्कळदा दहा-पंधरा वर्षांचे असते, हे यावरून दिसते.

आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाच्या दृष्टीने या काळातले सर्वांत बोलके पात्र म्हणजे फिलिस श्लाफ्ली. १९७२ साली अमेरिकन काँग्रेसने स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती मंजूर करून राज्यांकडे पाठवली. ३८ राज्यांची मान्यता हवी होती. ३५ मिळाल्या. श्लाफ्ली या कॅथलिक गृहिणी, सहा मुलांच्या आई. त्यांनी या दुरुस्तीविरुद्ध स्त्रियांचीच संघटना उभी केली. समानतेने बाईचे घरातले संरक्षण जाईल, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांच्या अनुयायी स्त्रिया घरी भाजलेले पाव आणि मुरंब्याच्या बरण्या घेऊन आमदारांना भेटायला जात. १९८२ साली मुदत संपली तेव्हा तीन राज्ये कमीच होती. स्वतः श्लाफ्लींनी दोनदा काँग्रेसची निवडणूक लढवली होती, कायद्याची पदवी मिळवली होती, देशभर दौरे केले होते. घरात राहावे हे सांगण्यासाठी त्या आयुष्यभर घराबाहेर होत्या.

हिल्सबरोच्या गुत्त्यासमोर गुडघे टेकणाऱ्या बायका आणि विधानभवनात पाव घेऊन जाणाऱ्या बायका यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे. हातातले साधन तेच, ओठांवरचा शब्दही तोच : घर. एकीने त्या शब्दाच्या आधाराने मताचा हक्क मागितला, दुसरीने त्याच शब्दाच्या आधाराने समान हक्क अडवला. म्हणून ‘धर्मनिष्ठ’, ‘रूढिनिष्ठ’, ‘सनातनी’ या नावांनी फारसे काही कळत नाही. त्या संघटित शक्तीने कोणाला नवा हक्क मिळतो आणि कोणाच्या हातचा हक्क जातो, हे प्रत्येक वेळी वेगळे पाहावे लागते.

रमाबाईंना ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नाही. अमेरिकेतून निघण्यापूर्वी, डिसेंबर १८८७मध्ये बोस्टनला ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली होती. तिच्यात निरनिराळ्या पंथांची माणसे होती. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे उदारमतवादी युनिटेरियन होते. गावोगावच्या ‘रमाबाई मंडळां’तील सभासद दहा वर्षे दरसाल निदान एक डॉलर देण्याचे वचन देत. विलर्डबाईंच्या संघटनेचीच ही रीत : लहान गट, लहान रक्कम, दीर्घ मुदत. शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. मुलींनी आपले आचार पाळावेत याची मोकळीक होती. त्याचबरोबर रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार बंद करीत नसत आणि काही मुली तेथे येऊन बसत. यावरून ‘केसरी’ने टीकेचे रान उठवले. ऑगस्ट १८९३मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. इकडे हिंदू सनातन्यांचा हा दबाव, तर तिकडे इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डीन आदींशी झालेल्या पत्रव्यवहारात, चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकवण्याच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे चाललेला झगडा. घरी-दारी दोन्हीकडे, बाईच्या सदसद्विवेकावर दुसऱ्या कोणाचा अधिकार असावा, अशीच अपेक्षा होती. बोस्टनच्या संस्थेने मात्र पाठिंबा काढला नाही.

उत्तरार्धातील रमाबाई आपल्याला अवघड जातात. दहा वर्षांची मुदत संपल्यावर केडगावचे मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती झाले. दुष्काळात वाचवलेल्या शेकडो मुली तेथे होत्या. १९०५ साली तेथे जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्याची वार्ता रमाबाईंच्या अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स यांच्या पुस्तिकेमार्फत चिलीपर्यंत पोहोचली. जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे नाव आजही घेतले जाते. म्हणजे प्रभाव एकाच दिशेने वाहत नव्हता. आणि सदनातील मुलींवर नव्या श्रद्धेचा दबाव कितपत पडला असेल, हा प्रश्न रमाबाईंना मानणाऱ्या आम्ही तरी टाळू नये. वाइल्डर यांच्या मदतीतली अट आम्हाला खटकते, तर केडगावच्या मदतीलाही तोच प्रश्न विचारला पाहिजे. तो विचारल्याने बाई लहान होत नाहीत. बायबलचे मूळ भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर करीत आयुष्याची अखेरची वर्षे काढणारी ही विदुषी तेवढ्या प्रश्नाने डळमळणारी नव्हे.

आता आडव्या बाटलीविषयी. आपल्याकडच्या दारूबंदीची मुळे अमेरिकेत नाहीत. ती गांधीविचारात, राज्यघटनेच्या ४७व्या कलमात आणि १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहेत. डोंबिवली किंवा ठाण्याच्या स्टेशनबाहेर झळकणारी ‘परमिट रूम’ ही पाटी त्याच कायद्याची खूण. दारू विकण्याची जागा, आणि नावात मात्र बंदीची आठवण! याच राज्यात गावातील वा वॉर्डातील ठरावीक प्रमाणात मतदारांनी किंवा महिलांनी निवेदन दिले, तर दुकानासंबंधी गुप्त मतदान घेण्याची तरतूद आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. इलिनॉयच्या स्त्रियांनी १८७९ साली मागितलेली आणि त्यांना नाकारलेली गोष्ट आपल्याकडे नियम म्हणून अस्तित्वात आहे. सह्या गोळा करणाऱ्या बायकांना विलर्डबाईंचे नावही ठाऊक नसेल. दारूने मोडणारे घर मात्र त्या बायकांनी पाहिलेले असते.

आमच्या विद्यार्थिनीला आता आम्ही असे सांगू : तुझ्या आईला पुरोगामी किंवा सनातनी यांपैकी एक नाव देण्याची घाई करू नकोस. त्या सह्यांमुळे कोणत्या बायकांना बोलण्याचे बळ मिळाले, ते तिला विचार. त्याच सह्यांच्या जोरावर उद्या कोणी शेजाऱ्याच्या ताटात काय असावे, कोणाच्या मुलीने कोणाशी लग्न करावे, हेही ठरवू लागला, तर ती त्या कागदावर सही करील का, तेही विचार. ती काय उत्तर देईल, हे आम्हाला माहीत नाही. विलर्डबाईंनी तो दुसरा प्रश्न स्वतःला पुरेसा विचारला नाही. श्लाफ्लींनी बहुधा विचारलाच नाही. रमाबाईंना तो पुण्याने विचारला, चर्चने विचारला, आणि केडगावने पुन्हा विचारला. पुढल्या सत्रात हा ग्रंथ शिकवताना आम्ही त्या प्रकरणापाशी थोडे अधिक थांबणार आहोत.